संध्याकाळच्या प्रार्थनेची आठवण

गांधीजींना प्रार्थनेला उशीर झालेला चालत नसे. ३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले, पाच वाजून गेले, आणि मनू व आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते बिर्ला भवनाच्या हिरवळीवरून प्रार्थनेच्या जागेकडे भरभर निघाले. पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास नथुराम गोडसे गर्दीतून पुढे आला, त्याने हात जोडले आणि तीन गोळ्या झाडल्या. हा प्रसंग आपण इतक्या वेळा वाचलेला असतो, की ज्या कामासाठी गांधीजी निघाले होते ते काम त्या दिवशी झालेच नाही, हे आपल्या ध्यानात राहत नाही. लोक प्रार्थनेसाठी जमलेले होते, संध्याकाळ झाली होती आणि प्रार्थना व्हायची राहिली.

मी पुण्यात वाढले, पुण्यातच शिकवले आणि निवृत्तही पुण्यातच झाले. गांधीहत्येचा विषय या शहरात दबक्या आवाजात निघतो किंवा एकदम चढ्या आवाजात निघतो. मधल्या, रोजच्या बोलण्याच्या आवाजात तो मी क्वचितच ऐकला आहे. त्याची कारणे राजकीय आहेत, सामाजिक आहेत, जातीचीही आहेत. तरी मला वाटते, की मुळाशी प्रश्न धर्माचा आहे. ज्याला मारले तो रोज दोन वेळा प्रार्थना करणारा, स्वतःला सनातनी हिंदू म्हणवणारा माणूस होता. ज्याने मारले त्यानेही आपण हे धर्मासाठी केले असे सांगितले, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फासावर जाताना त्याच्या हातात गीता होती. गांधीजींच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक रोज म्हटले जात. एकच ग्रंथ दोघांच्याही जवळ होता. धर्म मानणारा आणि धर्म न मानणारा असा हा झगडा असता, तर पुण्याला तो समजून घेणे कितीतरी सोपे गेले असते.

गीतेचा हा वाद पुण्याला नवा नव्हता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाले. जानेवारी १९२० मध्ये गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त टिळकांचे एक पत्र छापून आले. राजकारण हा साधूंचा नसून संसारी लोकांचा व्यवहार आहे आणि त्यात बुद्धाच्या ‘अक्कोधेन जिने कोधं’ (क्रोधाला अक्रोधाने जिंकावे) या वचनापेक्षा श्रीकृष्णाचे ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ (जो जसा येईल त्याला तसे) हे वचन आपल्याला अधिक जवळचे वाटते, असा त्या पत्राचा आशय होता. गांधीजींनी उत्तर दिले, की शठाशीही सत्यानेच वागावे हाच खरा नियम होय: ‘शठं प्रत्यपि सत्यम्’. दोघांच्या भूमिकांत इतके अंतर होते, की कोणतीही मधली वाट त्यातून निघत नाही. तरीही हा वाद पत्राने झाला, छापून झाला, सही करून झाला, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत गांधीजी खांदा द्यायला होते. काही लोक टिळकांपासून गोडसेपर्यंत एक सरळ रेघ ओढून दाखवतात, तेव्हा मला हे पत्र आठवते आणि ती रेघ मला पटत नाही. मतभेद धर्माविषयीचा असला तरी तो लिहून मांडता येतो, त्याला उत्तर मिळते आणि त्या उत्तरालाही उत्तर देता येते, हे पुण्याने तेव्हा अनुभवले होते.

पण शहरात दुसरी रीतही होतीच. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी पर्वतीवर सत्याग्रह झाला तेव्हा सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढे गांधीजींचा हरिजन दौरा चालू असताना, २५ जून १९३४ रोजी, नगरपालिकेच्या मानपत्राच्या समारंभाला ते जात असताना पुण्यात त्यांच्या मोटारीसमोरच्या दुसऱ्याच एका मोटारीवर बॉम्ब पडला. त्यात नगरपालिकेचे मुख्याधिकारी आणि पोलीस जखमी झाले. बॉम्ब टाकणारा सापडला नाही. गांधीजी समारंभाला गेले, मानपत्र स्वीकारले आणि बॉम्ब टाकणाऱ्या त्या अज्ञात माणसाबद्दल आपल्या मनात करुणाच आहे, असे त्यांनी सांगितले. फाळणीची मागणी तेव्हा राजकारणात पुढे आलेली नव्हती, पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटी रुपयांचा प्रश्नच नव्हता. एका वर्गाला देवळात आणि विहिरीवर जाऊ द्यावे, एवढेच त्या दौऱ्याचे मागणे होते. गांधीहत्येची कारणे सांगताना पंचावन्न कोटींपासून सुरुवात करणाऱ्यांना मी नेहमी हे वर्ष आठवायला सांगते. १३ ते १८ जानेवारी १९४८ या शेवटच्या उपोषणात दिल्लीच्या पुढाऱ्यांनी जी सात कलमे मान्य केली, त्यांतही पंचावन्न कोटींचा उल्लेख नाही. मेहरौलीच्या ख्वाजा कुतुबुद्दीन यांच्या दर्ग्यावरचा उरूस निर्धोक भरू द्यावा, बळकावलेल्या मशिदी परत कराव्यात, मुसलमानांना शहरात निर्भयपणे हिंडता-फिरता यावे, अशा स्वरूपाची ती कलमे होती. २७ जानेवारीला गांधीजी स्वतः त्या उरुसाला गेले. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांना मारले.

या साऱ्याचा पुण्याशी असलेला संबंध पत्त्यांतूनही दिसतो. गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांचे ‘अग्रणी’ आणि पुढे ‘हिंदुराष्ट्र’ हे दैनिक शनिवार पेठेतून निघत असे. हत्येनंतर प्रायश्चित्त म्हणून साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मुंबईत सुरू झालेल्या या साप्ताहिकाचे कार्यालय नंतर पुण्यात आले, तेही शनिवार पेठेतच. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपाशी राहिलेले साने गुरुजी आणि धर्म बुडाला म्हणून पिस्तूल हाती घेणारा संपादक यांच्या कागदांचे पत्ते अशा रीतीने एकाच पेठेत आहेत. या पेठेतून मी वर्षानुवर्षे ये-जा केली आहे. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण तेथून जाताना मला आजही या दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात.

नोव्हेंबर १९६४ मध्ये याच पेठेत एक पूजा झाली. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप भोगून सुटलेल्या, नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे आणि विष्णू करकरे यांच्या सुटकेनिमित्त सत्यविनायकाची पूजा घातली गेली, आमंत्रणे गेली, लोक जमले. त्या समारंभात ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी, या कटाची आपल्याला आधीच कल्पना होती, असे उघडपणे सांगितले. देशभर गदारोळ उठला, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि अखेर चौकशी आयोग नेमावा लागला. न्यायमूर्ती कपूर यांनी १९६९ मध्ये अहवाल दिला. हत्येची एवढी मोठी फेरचौकशी एका पूजेतून निघाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मित्रमंडळींना जमायचे होते, सुटून आलेल्यांचे स्वागत करायचे होते, तर ते सभा भरवूनही करता आले असते. त्यांनी पूजा घातली, कारण केलेल्या गोष्टीवर देवाची मोहोर उमटावी अशी त्यांची इच्छा असणार. माझ्या घरी गणपती बसतो, संकष्टी पाळली जाते. त्या पूजेचा विचार मनात आला की मला दुःख होते, कारण तो देव माझाही आहे.

अस्थींचेही असेच आहे. नथुरामच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी अखंड भारतातल्या सिंधू नदीत विसर्जित करण्यासाठी पुण्यात जपून ठेवल्या आहेत आणि दरवर्षी १५ नोव्हेंबरला त्यांच्यापुढे काही मंडळी जमतात. मुळा-मुठेच्या पलीकडे, नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजींच्या अस्थींचा अंश ठेवलेला आहे. जवळच गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत. मारणारा आणि मरणारा या दोघांच्याही रक्षेचा अंश एकाच शहराने सांभाळावा, हे आपल्या वाट्याला आले आहे. हे नाकारून पुण्याचा इतिहास लिहिता येणार नाही.

आमच्या घरातही एक जपून ठेवलेली वस्तू आहे. आजोबांचे गाव सातारा जिल्ह्यातले. अठ्ठेचाळीस साली, हत्येनंतरच्या त्या दिवसांत, गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांत आमचेही घर जळाले. देव्हाऱ्यातले खंडोबा, भवानी आणि पूर्वजांचे चांदीचे टाक दुसऱ्या दिवशी राखेतून काढले. खंडोबाच्या टाकाची एक कड वितळून घोड्याचे पुढचे पाय त्यात बुडाले आहेत, आणि भवानीच्या चेहऱ्यावर काजळीचा जो थर बसला तो बारीक रेघांत अजून तसाच आहे. मी लहानपणी एकदा चिंच आणि रांगोळी घेऊन ते टाक घासायला बसले तेव्हा आजीने माझ्या हातातून ते काढून घेतले. “घासू नकोस,” ती म्हणाली, “राहू देत तसेच.” ती त्या रात्रीविषयी फारसे बोलत नसे. बोललीच तर शेजारच्या पाटलांच्या घरच्या बाईंविषयी बोलायची. त्यांनी तिला आणि लेकरांना गोठ्यात कडब्याच्या आड बसवले, आणि जमावातले लोक दाराशी आले तेव्हा, “इथं कुणी न्हाई, जावा,” असे त्यांच्या तोंडावर सांगितले. आजी त्यांना वहिनी म्हणायची आणि दर संक्रांतीला पुण्याहून त्यांना तिळगूळ पाठवायची.

हे येथे लिहिण्याचे कारण असे, की या जळिताची आठवण महाराष्ट्रातल्या अनेक ब्राह्मण घरांत गांधीजींच्या आठवणीवर पसरलेली आहे. अहिंसेचे नाव घेत घरे जाळली गेली, निरपराध माणसे देशोधडीला लागली, आणि ते सार्वजनिक इतिहासात नीटपणे नोंदलेही गेले नाही. ज्या दुःखाला चारचौघांत जागा मिळाली नाही ते घरात राहिले, घरातच वाढले, आणि काही घरांत त्याचे रूपांतर हत्येच्या समर्थनात झाले. ते समर्थन मी कधीही मान्य केले नाही आणि करणार नाही. पण ते कोठून आले हे मी पाहिले आहे. जळीत झाले हे स्पष्टपणे सांगावे, पुस्तकांत लिहावे, मुलांना शिकवावे, आणि त्याच पानावर त्या पाटीलबाईंसारख्यांविषयीही लिहावे. माझ्या आजीने गांधीजींचे नाव कधी रागाने घेतल्याचे मला आठवत नाही. तिच्या तोंडी संध्याकाळी ‘जे का रंजले गांजले’ असायचे. तुकोबांचे अभंग साबरमतीच्या आश्रमातही म्हटले जात. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी सिद्ध केलेल्या आश्रम भजनावलीत ते होते, आणि १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना मीराबेनसाठी गांधीजींनी त्या भजनावलीचे इंग्रजी भाषांतर केले होते. आजीला हे काही ठाऊक नव्हते.

आता प्रार्थनेकडे येते. पुण्यातली गांधीजींची स्मारके पाहिली, की त्यांत कैद, आजार, उपोषण आणि मृत्यूच अधिक दिसतात. येरवड्याचा तुरुंग आणि तेथला १९३२ चा पुणे करार, ससूनमधली ती खोली जेथे १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली आणि मध्येच वीज गेल्याने कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली, ठाकरसींची पर्णकुटी जेथे १९३३ चे एकवीस दिवसांचे उपोषण झाले, आणि आगाखान पॅलेस. कँपातल्या मेन स्ट्रीटला त्यांचे नाव दिले आणि आपण त्याला एम.जी. रोड म्हणू लागलो. या सगळ्या ठिकाणी ते रोज पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना करत होते. येरवड्याच्या तुरुंगाला ते मंदिर म्हणत आणि १९३० मध्ये दर मंगळवारी आश्रमवासीयांना व्रतांविषयीची पत्रे तेथूनच लिहीत.

आगाखान पॅलेसमधल्या प्रार्थनेविषयी मी बरेच वाचले आहे, कारण ती या शहरात घडलेली आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक करून त्यांना तेथे आणले आणि सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना स्नान घातले, अग्नी दिला, आणि पुढे रोज त्या जागी जाऊन फुले वाहून गीतेचा बारावा अध्याय म्हणण्याचा नेम ठेवला. २२ फेब्रुवारी १९४४ ला महाशिवरात्र होती, त्या संध्याकाळी बा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली, आणि चिता विझेपर्यंत ते तेथेच बसून राहिले. बारावा अध्याय म्हणणारा हा माणूस हिंदू धर्माचा शत्रू होता असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या समाध्यांपाशी एकदा तरी जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

त्या प्रार्थनेत एकट्या हिंदूंचेच शब्द नव्हते. एका जपानी भिक्षूने आश्रमात म्हटलेला बौद्ध मंत्र, उपनिषदातले ‘ईशावास्यम्’, स्थितप्रज्ञाचे श्लोक, रेहाना तय्यबजींनी शिकवलेल्या कुराणातल्या आयती, एखादे भजन आणि शेवटी रामधून असा तिचा क्रम हळूहळू घडत गेला. तिच्यात पुढे आलेली पारशी प्रार्थना पुण्याची आहे. आगाखान पॅलेसमध्ये डॉ. गिल्डर हे पारशी डॉक्टर गांधीजींबरोबर कैदेत होते, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये सुरू झालेल्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या काळात त्यांच्याकडून झेंद अवेस्तातली गाथा त्या प्रार्थनेत आली. ३० जानेवारीला बिर्ला भवनात जी प्रार्थना व्हायची राहिली, तिच्यातल्या काही ओळी अशा रीतीने येथून गेलेल्या होत्या. मारणारा पुण्याहून गेला हे सारे जग जाणते. प्रार्थनेतला काही भागही पुण्याहून गेला, हे मी तरी शाळेत कधी ऐकले नाही आणि पुढे वर्गात शिकवताना कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचलेही नाही.

१९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभांत कुराणातल्या आयतींना लोकांनी हरकत घेतली. पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली ती माणसे होती, त्यांचा राग समजण्यासारखा होता. गांधीजी सभेला विचारत, की कोणाची हरकत आहे का, आणि एखादा जरी उठला तरी कधीकधी संपूर्ण प्रार्थनाच थांबवत. आयती गाळून उरलेली म्हणायला ते तयार नव्हते, आणि हरकत घेणाऱ्याला बाहेर काढायलाही तयार नव्हते. मग ते त्या लोकांशी बोलत बसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारत. धर्माच्या नावाने चाललेल्या इतक्या गोष्टी मी पाहिल्या आहेत, मिरवणुका, आरत्या, सप्ताह, उरूस. त्यांत आलेल्या माणसाला अशी हरकत घेऊ देणारी रीत मला दुसरीकडे आढळली नाही. नथुरामलाही त्या हिरवळीवर हात वर करून उभे राहता आले असते. त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले असते.

सरकारी रिवाजाप्रमाणे ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे असते. भोंगा होतो, कचेऱ्यांतले लोक उभे राहतात, पुन्हा भोंगा होतो. कामाच्या वेळेत बसावे म्हणून अकराची वेळ ठरली असेल, आणि मौन यासाठी की ते कोणालाच खटकत नाही. सोयीच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण ती घटना संध्याकाळची होती आणि ती वेळ बोलण्याची, गाण्याची, एकमेकांचे शब्द आपल्या तोंडाने उच्चारण्याची होती. ती वेळ आपण रिकामी सोडली आहे, आणि १५ नोव्हेंबरची संध्याकाळ मात्र कोणीतरी नेमाने पाळते आहे.

आम्ही काही जणांनी ठरवले आहे, की येत्या ३० जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता शनिवार पेठेतच, एखाद्या घराच्या गच्चीवर किंवा मिळाल्यास एखाद्या छोट्या सभागृहात, ती प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. दार उघडे ठेवायचे आणि आरंभी कोणाची हरकत आहे का, हे विचारायचे. कोणी उठून उभे राहिले तर काय करायचे यावर आमच्यात अजून एकमत नाही. थांबून त्यांचे ऐकावे असे मला वाटते; माझ्या दोघा मित्रांना वाटते, की तसे केले तर प्रार्थना पुरी होणारच नाही. त्यांची भीती रास्त आहे, आणि तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. स्थितप्रज्ञाचे श्लोक आमच्यातल्या बहुतेकांना पाठ आहेत. फातिहा म्हणायला मोमिनपुऱ्यातले एक जुने सहकारी शिक्षक येणार आहेत. अवेस्तातली गाथा म्हणू शकणारे मात्र आमच्यात कोणी नाही. कँपात राहणाऱ्या एका पारशी बाईंना मी परवा फोन केला. त्यांनी त्या ओळी मला फोनवरच म्हणून दाखवल्या, उच्चार शिकायचे असतील तर घरी या म्हणाल्या, आणि मी गुरुवारी जाणार आहे.